तार नाही म्हणे!

गेल्या रविवारी आमच्याकडे होम थिएटर आले. ‘वायरलेस’ बरं का! आमचे सहावीतले चिरंजीव नुसते नाचत होते. खोके उघडले, तर मागच्या स्पीकरला आवाजाची तार नाही. विजेची मात्र आहेच! आवाजाचा संदेश रेडिओलहरींवरून येतो, पण स्पीकरचा पडदा हलवायला वीज नको का? शेवटी पाटणच्या बाजारातून एक्स्टेंशन बोर्ड आणला.

सिनेमा लावला. उजवीकडे मागे दार करकरले. सगळ्यांच्या माना वळल्या, तर दार बंदच! आवाज एका कानाला किंचित आधी पोचतो, त्यावरून मेंदू दिशा ओळखतो.

कोपऱ्यातल्या वूफरचे मात्र तसे नाही. डोळे मिटून शोधून पाहा, सापडायचा नाही. त्याच्या खर्जातल्या आवाजाची एकेक लहर आठ-आठ मीटर लांब, म्हणजे आमच्या खोलीहून मोठी! तो जमिनीतूनच आल्यासारखा वाटतो.

पडद्यावर ढग गडगडले, मांडणीतली भांडी थरथरली, आणि सासूबाई नातवाचा हात धरून थेट अंगणात! ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला, तेव्हा त्या दहा वर्षांच्या होत्या. ती घरघर त्यांच्या कानांत अजून आहे.

“अगं आजी, सिनेमातलं आहे ते!”

“असू दे. तू आधी इथे उभा राहा.”

आता वूफर अगदी बारीक ठेवतो. चिरंजीव म्हणतात, मजा गेली. छे! दार अजून मागून करकरतेच की!