भुतांची पुस्तके आणि पुस्तकाबाहेरची भुते

शाळेच्या ग्रंथालयात कोणती पुस्तके ठेवावीत हा प्रश्न निघाला, की भुताखेतांच्या, राक्षसांच्या व गूढकथांच्या पुस्तकांवर पहिली कुऱ्हाड येते. अशा वाचनाने मुले भित्री होतात, त्यांची विवेकबुद्धी मंदावते आणि विज्ञानाच्या युगात वेताळ-हडळींना कपाटात जागा देणे म्हणजे अंधश्रद्धेला खतपाणी घालणे होय, असे अनेक पालक व शिक्षक म्हणतात. हा आक्षेप सद्हेतूने घेतला जातो, यात शंका नाही. तथापि तो भलत्याच ठिकाणी बोट ठेवतो. ज्या भुताचा मुक्काम पुस्तकाच्या दोन पुठ्ठ्यांमध्ये असतो आणि ज्याच्या माथ्यावर लेखकाचे नाव व ‘कथा’ हा शब्द छापलेला असतो, त्याच्यापासून समाजाला फारसे भय नाही. भय आहे ते पुस्तकाबाहेर हिंडणाऱ्या, ‘अमक्याने प्रत्यक्ष पाहिले’ एवढ्याच आधारावर जगणाऱ्या भुताचे. या दुसऱ्या भुताला ओळखण्याचा सराव पहिल्याच्या सहवासात उत्तम होऊ शकतो.

दिल्लीतील करोल बाग हे या दृष्टीने विचार करण्याजोगे ठिकाण आहे. हा भाग सराफीच्या व कापडाच्या बाजारपेठेने गजबजलेला असतो; परंतु त्याच्या कडेलाच अरवली पर्वताच्या उत्तर टोकाचा, दिल्लीत ‘रिज’ या नावाने ओळखला जाणारा रानपट्टा लागतो. या रानाच्या तोंडाशी चौदाव्या शतकातील एक पडकी वास्तू उभी आहे. फिरोजशहा तुघलकाच्या राजवटीत, म्हणजे १३५१ ते १३८८ या काळात, ती शिकारीच्या मुक्कामासाठी बांधली गेली असे मानतात. ओबडधोबड दगडांचे प्रवेशद्वार, आत मोकळा चौक आणि कडेने खोल्या, एवढीच तिची मांडणी आहे. लोक तिला ‘भुली भटियारी का महल’ म्हणतात, आणि दिल्लीतील झपाटलेल्या जागांची गणती करताना तिचे नाव सहसा गळत नाही. मे २०२३ मध्ये दिल्लीच्या पर्यटन विभागाने ‘झपाटलेल्या’ म्हणून ख्यात असलेल्या वास्तूंच्या सहली सुरू केल्या, त्यांत याही वास्तूचा समावेश होता.

या नावाची उकल करू लागले, म्हणजे गोष्ट कशी जन्मास येते हे दिसू लागते. भटियारी म्हणजे सराईत उतरणाऱ्या वाटसरूंची व्यवस्था पाहणारी स्त्री. एका आख्यायिकेप्रमाणे अशी एक स्त्री या रानात वाट चुकली आणि येथेच राहिली. दुसरीप्रमाणे कोणा सुलतानाने आपल्या राणीला येथे कोंडून ठेवले व तिचाच आत्मा येथे वावरतो. तिसरे मत असे की बू अली बख्तियारी नावाच्या एका सत्पुरुषाचे येथे वास्तव्य होते आणि त्याच्या नावाचा लोकांच्या तोंडी अपभ्रंश होत होत ‘भुली भटियारी’ झाले. हे मत खरे धरले, तर मौजेचा प्रकार घडला म्हणावयाचा. एका पुरुषाच्या नावाचा उच्चार बिघडला. त्या बिघडलेल्या उच्चारातून एक वाट चुकलेली स्त्री निर्माण झाली. आणि पुढे लोकांनी या जागेत स्त्रीचे भूत आणून बसविले. यांपैकी कोणतीही हकिकत ऐकणाऱ्याने ‘हे कोणी, केव्हा व कशावरून सांगितले?’ असे विचारले, तरी त्याच्या आनंदात उणे काही येत नाही. उलट एका गोष्टीच्या जागी तीन गोष्टी त्याच्या पदरात पडतात.

करोल बागेत मराठी कुटुंबेही बरीच आहेत. सांगली जिल्ह्यातील खानापूर, आटपाडी या तालुक्यांतून सोने गाळण्याच्या धंद्यानिमित्त देशभर पसरलेल्या गलाई व्यावसायिकांपैकी अनेक जण येथे स्थायिक झाले. अशा घरांतील मुलांच्या कानांवर दोन प्रदेशांची भुते पडतात. दिल्लीची भुली भटियारी त्यांना शेजारी भेटते आणि पिंपळावरचा मुंजा, ओढ्याकाठची हडळ व रानातला चकवा त्यांच्या आजी-आजोबांबरोबर माणदेशातून आलेले असतात. चकवा आणि भुली भटियारी यांचे नाते तर अगदी जवळचे आहे. कारण दोहोंच्या मुळाशी रानात वाट चुकण्याचा अनुभव आहे.

हा अनुभव मात्र कल्पित नाही. चकवा लागलेला मनुष्य रात्रभर चालतो व पहाटे पाहतो तो पुन्हा त्याच झाडाखाली, असे खेड्यांतून सांगतात. जर्मनीतील ट्युबिंगेन येथील माक्स प्लांक संस्थेत यान साउमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी याच प्रश्नाचा शोध घेतला आणि २००९ मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांनी काही माणसांना जर्मनीतील एका सपाट अरण्यात व ट्युनिशियाच्या वाळवंटात सरळ रेषेत चालण्यास सांगितले आणि उपग्रहांच्या साहाय्याने त्यांचा मार्ग नोंदविला. सूर्य दिसत असता माणसे बऱ्याच अंशी सरळ चालली. आभाळ भरून आले, तेव्हा अरण्यातील माणसे वर्तुळात फिरू लागली व आपलीच वाट पुन्हा ओलांडू लागली. आणि हे त्यांच्या ध्यानातही आले नाही. डोळे बांधलेली माणसे तर कधी कधी वीस मीटरांहूनही लहान व्यासाच्या वर्तुळात फिरत राहिली. सरळ दिशा कोणती याविषयीच्या मेंदूच्या अंदाजात पावलागणिक थोडीथोडी चूक साचत जाते; सूर्य, चंद्र वा दूरचा डोंगर यांसारखी एखादी खूण ती चूक सुधारते; खूण नाहीशी झाली की चूक वाढत जाते. तेव्हा चकव्याची गोष्ट सांगणाऱ्या पूर्वजांनी अनुभव खराच नोंदविला होता. चुकले ते त्याचे कारण. ज्या मुलाने चकव्याची गोष्ट कधी ऐकलीच नाही, त्याला या प्रयोगाचे नवल कितपत वाटेल?

आता प्रत्यक्ष पुस्तकांकडे वळावे. भयकथा वाचताना अंगावर काटा उभा राहतो, छाती धडधडते, तळहातांना घाम येतो. धोक्याची चाहूल लागताच मेंदू शरीराला सावध करतो व मूत्रपिंडांवरील ग्रंथींतून ॲड्रेनलिन हा स्राव रक्तात मिसळतो. हीच यंत्रणा येथे थोड्या प्रमाणात जागी होते. परंतु त्याच वेळी वाचक आपण घरात सुरक्षित आहोत, पुस्तक मिटले की राक्षसही मिटणार, हे जाणून असतो. शरीर भ्यालेले आणि बुद्धी जागी, अशी ही अवस्था होय. जो मुलगा या अवस्थेतून अनेकदा गेला आहे, त्याला एक महत्त्वाची गोष्ट अनुभवाने कळते, ती ही की भय वाटणे हा भयाचे कारण अस्तित्वात असल्याचा पुरावा नव्हे.

भारतीय परंपरेने तर भुताला प्रश्न विचारावयास लावले. अकराव्या शतकात काश्मीरच्या सोमदेवाने रचलेल्या ‘कथासरित्सागरा’त वेताळाच्या पंचवीस कथा आहेत. त्यांत राजाच्या खांद्यावर बसलेला वेताळ गोष्ट सांगतो आणि शेवटी न्यायाचा पेच टाकून निवाडा मागतो. भिऊन पळणाऱ्याला तेथे स्थान नाही. विचार करून उत्तर देणाऱ्यालाच आहे. रत्नाकर मतकरी (१९३८–२०२०) यांनी प्रौढांसाठी गूढकथा लिहिल्या, आणि ‘अलबत्या गलबत्या’ व ‘निम्मा शिम्मा राक्षस’ ही मुलांची नाटकेही लिहिली. त्यांतल्या चेटकिणीला व राक्षसाला पाहून मुलांच्या पिढ्या हसत आल्या आहेत. नारायण धारप (१९२५–२००८) हे विज्ञानशाखेचे पदवीधर होते. ज्या लेखणीने त्यांनी भयकथा लिहिल्या, तिनेच विज्ञानकथाही लिहिल्या. पाश्चात्त्य वाङ्मयातील मेरी शेली यांची ‘फ्रँकेन्स्टाइन’ ही कादंबरी १८१८ मध्ये प्रसिद्ध झाली. गॅल्व्हानीने विजेच्या स्पर्शाने मेलेल्या बेडकाचे पाय हलविल्यापासून सजीवतेविषयी युरोपात जी चर्चा चालली होती, तिच्या वातावरणात ती जन्मली. आपण निर्माण केलेल्या वस्तूची जबाबदारी शास्त्रज्ञाने घ्यावयाची की नाही, हा तिने विचारलेला प्रश्न दोनशे वर्षांनंतरही शिळा झालेला नाही.

याच्या उलट, पुस्तकाबाहेरचे भूत काय करते हे दिल्लीने पाहिले आहे. मे २००१ मध्ये गाझियाबाद व पूर्व दिल्लीच्या बाजूने ‘काला बंदर’ नावाच्या प्राण्याची वार्ता उठली. उन्हाळ्याचे दिवस, वीज वारंवार जाणारी आणि माणसे गच्चीवर निजलेली. कोणी म्हणे तो चार फुटांचा केसाळ वानर आहे. कोणी म्हणे त्याच्या डोक्यावर शिरस्त्राण आहे, हातांना लोखंडी नख्या आहेत, डोळे लाल आहेत. वर्णने एकमेकांशी जुळत नव्हती, तरी पोलिसांनी चित्रे काढवून प्रसिद्ध केली, वृत्तपत्रांनी व दूरचित्रवाणीने ती वार्ता घरोघर नेली आणि ‘आला, आला’ या ओरडण्याने उठून पळताना गच्चीवरून पडून किमान दोघांचा प्राण गेला. पुढे तज्ज्ञांनी तपास केला, तेव्हा असा प्राणी वा मनुष्य असल्याचा कसलाही पुरावा मिळाला नाही. २००९ मध्ये ‘दिल्ली-६’ या हिंदी चित्रपटात हाच काला बंदर कथेचा भाग म्हणून अवतरला; त्या वेळी कोणी गच्चीवरून उडी घेतली नाही. बातमी म्हणून ज्याने जीव घेतले, त्यानेच कथा म्हणून प्रेक्षकांना आपल्या मनात डोकावण्यास सांगितले.

२०१७ च्या उन्हाळ्यात राजस्थान, हरियाणा, उत्तर प्रदेश व दिल्ली येथे झोपेत स्त्रियांच्या वेण्या कापणाऱ्या अदृश्य शक्तीची अफवा पसरली. त्या ऑगस्टमध्ये आग्र्याजवळच्या एका गावात, पहाटे घराबाहेर पडलेल्या एका वृद्ध स्त्रीला चेटकीण समजून मारहाण झाली व तीत तिचा अंत झाला. ही अफवा कोण्या कादंबरीतून आली नव्हती. ती तोंडोतोंडी व हातातल्या दूरध्वनींवरून आली. तिच्यावर लेखकाचे नाव नव्हते, आणि म्हणूनच तिला जाब विचारण्याची सोयही नव्हती.

भयकथांच्या बाबतीत तीन गोष्टी मात्र मान्य केल्या पाहिजेत. फार लहान मुलांना सत्य व कल्पित यांतील भेद नीट उमजत नाही, म्हणून कोणते पुस्तक कोणत्या वयात द्यावे याचा विचार हवा. दुसरे असे, की काही पुस्तके कथेला ‘सत्य घटना’ म्हणून विकतात. ती वाचकाशी केलेला करार मोडतात. तिसरे असे, की ज्या कथा विधवेला, एकाकी म्हातारीला किंवा एखाद्या जातीच्या माणसांना चेटूक करणारी ठरवतात, त्यांच्यात जुन्या क्रौर्याची बीजे असतात. ती शिक्षकाने वाचकास दाखवून दिलीच पाहिजेत. महाराष्ट्रात २०१३ मध्ये झालेल्या जादूटोणाविरोधी कायद्यानेही हीच रेषा आखली आहे. अंगातले भूत काढण्याच्या नावाखाली मारहाण करणे, अलौकिक शक्तीचा दावा करून फसविणे हा तेथे गुन्हा आहे. भुताची गोष्ट लिहिणे वा वाचणे हा नाही.

करोल बागेतील गलाई कारागीर ही रेषा आपल्या धंद्यात रोज आखतो. नाटकातल्या राजाने पितळेचा मुकुट घातला, तर त्याला कोणी लबाड म्हणत नाही. परंतु तोच मुकुट सोन्याचा म्हणून विकावयास आणला, तर तो कसोटीच्या दगडावर घासला जातो, तेजाबात तपासला जातो. तांबे व चांदी विरघळतात, सोने उरते. विकणारा किती प्रतिष्ठित आहे यावरून सोन्याचा कस ठरत नाही. भुतांच्या हकिकतींनाही हाच न्याय लावणे योग्य होय.

ग्रंथालयांना या कामी पुष्कळ करता येईल. ड्यूई यांच्या दशांश वर्गीकरणात भुतांची पुस्तके तीन ठिकाणी जातात: अलौकिकाचे दावे व त्यांची चिकित्सा १३३ मध्ये, लोककथा ३९८ मध्ये आणि कथा-कादंबऱ्या ८०० च्या वर्गात. हे पुस्तक येथे का व ते तेथे का, एवढे जरी ग्रंथपालाने मुलांना समजावून सांगितले, तरी दावा आणि गोष्ट यांतील अंतर त्यांना कायमचे कळेल. वेताळाच्या कथांशेजारी निद्रा, भय व दृष्टिभ्रम यांवरील एखादे सोपे पुस्तक ठेवावे. मुलांकडून आपापल्या घरी ऐकलेल्या भुतांच्या गोष्टी लिहवून घ्याव्यात आणि प्रत्येकीखाली चार प्रश्नांची उत्तरे मागावीत: कोणी पाहिले? किती उजेडात व किती अंतरावरून? दुसऱ्या कोणी स्वतंत्रपणे पाहिले काय? याहून साधे कारण संभवते काय? ज्या मुलांना हे प्रश्न गोष्टींच्या तासाला सवयीचे झाले असतील, त्यांच्यातले कोणी तरी पुढच्या एखाद्या उन्हाळ्यात, अंधाऱ्या गच्चीवर ‘आला, आला’ अशी आरोळी उठली असता, जागचे न हलता ते मोठ्याने विचारील. अशा वेळी तसा एक आवाज पुष्कळ काम करतो.