चेहरा वजा केल्यावर उरतो कोण?

ज्युलियन ओपी या ब्रिटिश चित्रकाराच्या चालत्या माणसांच्या मुद्राचित्रांविषयी एक विधान हमखास केले जाते : चेहरा काढून टाकल्यामुळे त्यातील पादचारी कुणा एकाचा न राहता सर्वांचा होतो. हे विधान मान्य करता येत नाही. ‘वजा करणे’ आणि ‘सार्वत्रिक होणे’ या दोन भिन्न क्रिया त्यात एकच मानल्या आहेत. आणि ‘सामान्य माणूस’ या शब्दाला सरावलेल्या आपल्या समीक्षेला ही गफलत फारच सोयीची आहे.

ओपीची रीत अशी : रस्त्यावरील अनोळखी माणसे कॅमेऱ्यात टिपायची, संगणकावर त्यांची बाह्यरेषा गिरवायची, सपाट रंग भरायचे. आरंभीच्या आकृत्यांत डोके म्हणजे मानेपासून सुटलेले वर्तुळ. पुढे केस आले, तरी चेहरा बहुधा कोराच. मग उरते काय? केसांची ठेवण, कपड्यांचा बेत, पर्स, फोन. म्हणजे वजा झाला तो थकवा, शिल्लक राहिली ती खरेदी. हा सर्वांचा माणूस नव्हे, ग्राहक आहे. सेऊलमधील एका इमारतीच्या दर्शनी भिंतीवर २००९ साली त्याची ‘क्राउड’ ही दिव्यांची गर्दी चालू लागली. ती कोठूनही येत नाही, कोठेही पोचत नाही. चालीचा ताल मात्र त्याने अचूक पकडला आहे, हे नाकारण्याचे कारण नाही.

आक्षेप रेषा कमी करण्याला नाहीच. वारली चित्रातील माणूस दोन त्रिकोण आणि एक वर्तुळ एवढाच असतो. जिव्या सोमा मशे यांच्या चित्रांतही त्याला नाकडोळे नाहीत. पण तो मासे धरतो, शेतात राबतो, तारप्याभोवती फेर धरतो. चेहरा नसूनही त्याचा मुलूख कळतो.

याउलट सुधीर पटवर्धन. १९४९ साली पुण्यात जन्मलेले, येथील सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले, पुढे ठाण्यात क्ष-किरणतज्ज्ञ. (क्ष-किरणांची उपमा त्यांच्या टीकाकारांनी आता निवृत्त करावी.) २०१९ मध्ये मुंबईत भरलेल्या त्यांच्या सिंहावलोकी प्रदर्शनाचे नावच ‘वॉकिंग थ्रू सोल सिटी’ होते. त्यांच्या माणसांना चेहरे आहेत, तरी ती व्यक्तिचित्रे नव्हेत. त्यांच्या देहांना वजन आहे. पायांखालची जमीन त्या वजनाला उत्तर देते. ‘लोअर परळ’ (२००१) या चित्रातील वस्ती गिरण्या संपल्यानंतरची आहे, हे ठाऊक नसेल तर तेथील माणसे समजत नाहीत. सार्वत्रिकता येथे विशिष्टतेतून जाते, तिला वळसा घालून नव्हे.

आर. के. लक्ष्मण यांच्या ‘कॉमन मॅन’चा पुतळा २००१ साली पुण्यात सिम्बायोसिसच्या आवारात उभा राहिला. धोतर, चौकडीचा कोट, चष्मा, उतारवय : त्याचा वर्ग आणि त्याचे पुरुषपण उघड आहे. या एका गृहस्थाला आपण सर्वांचा प्रतिनिधी मानले, हा आपला पक्षपात. पण तो कोटावरून निदान ओळखता तरी येतो. ओपीच्या कोऱ्या वर्तुळामागे तोच पक्षपात झाकला जातो आणि त्या झाकण्याला आपण लोकशाही म्हणतो.

असे म्हणणाऱ्यांनी एवढेच सांगावे : डोक्यावर विटांची पाटी घेऊन चालणाऱ्या बाईची बाह्यरेषा गिरवली, तर पाटी पर्सच्या रांगेत सहज बसेल, तिच्या मानेवरचा भार कोणत्या रेषेत येणार?