विश्लेषण : डिजिटल कुलुपे गणिताने कशी फुटतात?

बँकेच्या संकेतस्थळावर लॉग-इन करताना पडद्यामागे ‘पब्लिक-की’ एन्क्रिप्शन काम करत असते. कुलूप लावण्याची चावी जगजाहीर, उघडण्याची मात्र एकाकडेच. ही दुसरी चावी चोरून नव्हे, तर निव्वळ गणिताने शोधण्याचे प्रयत्न जवळपास पन्नास वर्षे सुरू आहेत.

‘आरएसए’ किती भक्कम?

५३ गुणिले ६१ हा गुणाकार चुटकीसरशी होतो. उलट ३२३३चे अवयव पाडा म्हटले, की डोके खाजवावे लागते. रिव्हेस्ट, शमीर आणि अ‍ॅडलमन यांची १९७७ची ‘आरएसए’ पद्धत याच विषमतेवर उभी आहे. अवयव पाडणे अवघडच आहे, हे मात्र आजवर कोणी सिद्ध केलेले नाही. त्याच वर्षी १२९ अंकी संख्येचे आव्हान देण्यात आले. ती फोडायला विश्वाच्या वयाहूनही अधिक काळ लागेल, असा अंदाज होता. ‘क्वाड्रॅटिक सीव्ह’ हा चाळणीसारखा अल्गोरिदम आणि सुमारे ६०० स्वयंसेवकांचे संगणक यांच्या बळावर ती १९९४ मध्ये फुटली. २०२० मध्ये २५० अंकी संख्याही फुटली. प्रत्यक्ष वापरातील २०४८ बिटांची संख्या ६१७ अंकी असते, त्यामुळे साध्या संगणकांपासून तिला तूर्त धोका नाही.

मग चिंता कसली?

पीटर शोर यांनी १९९४ मध्येच दाखवले, की पुरेसा मोठा क्वांटम संगणक हे काम झपाट्याने करील. तो अजून बनलेला नाही. पण त्यासाठी किती क्युबिट लागतील, याचा गूगलचे क्रेग गिडनी यांचा अंदाज २०१९ मध्ये दोन कोटी होता. २०२५ मध्ये तो दहा लाखांखाली आला. ही घट मुख्यतः सुधारलेल्या आकडेमोडीची करामत!

नवी कुलुपेही कच्ची?

क्वांटमलाही पुरून उरेल म्हणून ‘साइक’ या पद्धतीकडे आशेने पाहिले जात होते. २०२२ मध्ये बेल्जियमच्या कास्ट्रिक आणि डेक्रू यांनी १९९७च्या एका प्रमेयाच्या आधारे ती साध्या संगणकाच्या एका कोअरवर तासाभरात फोडली. एप्रिल २०२४ मध्ये यिलेई चेन यांच्या शोधनिबंधाने ‘लॅटिस’, म्हणजे बिंदूंच्या जाळीवरील पद्धतींनाही हादरा दिला. आठ दिवसांत त्यात चूक सापडली. अमेरिकेच्या ‘एनआयएसटी’ने ऑगस्ट २०२४ मध्ये जाहीर केलेल्या तीन मानकांपैकी दोन याच जाळीवर बेतलेली आहेत. तिसरे डिजिटल स्वाक्षरीपुरतेच. चावीच्या देवाणघेवाणीसाठी वेगळ्या गणितावरची ‘एचक्यूसी’ ही राखीव पद्धत मार्च २०२५ मध्ये निवडली गेली.