घरी थांबलेल्या बहिणीचा वाटा

स्टुटगार्टमध्ये महिन्याच्या शेवटी पगाराची स्लिप येते, तेव्हा आयकर, आरोग्य विमा आणि पेन्शन यांच्या खाली आणखी एक कपात दिसते. तिचं नाव फ्लेगेफरझिशेरुंग. आजारपणात किंवा म्हातारपणी ज्यांना दुसऱ्याच्या हातानं जेवावं लागतं, ज्यांना कुशीवर वळायलाही माणूस लागतो, त्यांच्या सेवेसाठीचा हा सक्तीचा विमा आहे. जर्मनीनं तो १९९५ साली सुरू केला. २०२५ मध्ये त्याचा दर पगाराच्या ३.६ टक्के झाला. निम्मे मालक भरतो, निम्मे माझ्या पगारातून जातात. औसा तालुक्यातून आलेला मी इथल्या अनोळखी म्हाताऱ्यांच्या सेवेसाठी वर्षानुवर्षं पैसे भरतो आहे, आणि ते मनापासून भरतो. पण त्या पैशाचं पुढं काय होतं ते समजलं, तेव्हापासून लातूर-नांदेडकडच्या आपल्या घरांविषयी काही बोलल्याशिवाय मला राहवत नाही.

आमच्या ऑफिसातल्या एका बाईंची आई अंथरुणाला खिळली. विम्याच्या तपासनीसानं घरी येऊन बघितलं: आजी स्वतः उठतात का, औषधं लक्षात राहतात का, रात्री किती वेळा कुणाला उठावं लागतं. त्यावरून गरजेची पायरी ठरली. अशा पाच पायऱ्या आहेत. घरच्याच माणसानं सेवा करायची असेल तर दुसरीपासून पाचवीपर्यंत महिन्याला ३४७ ते ९९० युरो मिळतात. पैसे आजारी माणसाच्या खात्यात येतात आणि तो ते सेवा करणाऱ्याला देतो. मला सगळ्यात महत्त्वाची वाटली ती पुढची तरतूद. आठवड्यात किमान दोन दिवस मिळून किमान दहा तास सेवा करणाऱ्या आणि आठवड्याला तीस तासांहून जास्त नोकरी न करणाऱ्या माणसाचा पेन्शनचा हप्ता हा विमाच भरतो. आईची सेवा केली म्हणून मुलीचं म्हातारपण उघड्यावर पडू नये, याची काळजी कायद्यानं घेतली आहे.

हे सगळं ऐकताना माझ्या डोळ्यांपुढं ताई होती.

ताई माझ्याहून चार वर्षांनी मोठी आणि माझ्यापेक्षा हुशार. दहावीला तिला माझ्याहून जास्त मार्क होते. पण आमचे वडील, अण्णा, जिल्हा परिषदेत कारकून, शेत कोरडवाहू, त्या पगारात एकाचीच फी आणि ट्यूशन निघणार होती. ताईनं डी.एड. केलं, तिचं लग्न झालं आणि ती नांदेडला तरोडा नाक्याजवळ राहायला गेली. मी लातूरच्या कॉलेजात शिकलो, नांदेडला इंजिनिअरिंग केलं आणि पुढं इकडं आलो. परीक्षेची कसून तयारी करून घेणाऱ्या लातूर पॅटर्ननं आपल्या भागातल्या किती पोरांचं आयुष्य बदललं हे मी स्वतः अनुभवलं आहे. त्या शिक्षकांचे उपकार मी विसरणार नाही. निकाल लागला की चौकाचौकात आमचे फोटो झळकायचे, आजही झळकतात. त्याच घरातलं मागं राहिलेलं भावंड मात्र कुठल्या फ्लेक्सवर दिसत नाही.

२०१५ च्या दिवाळीनंतर अण्णांना लकवा मारला. उजवी बाजू गेली. पाठोपाठ आला २०१६ चा उन्हाळा. त्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आणावं लागलं; त्या बातमीची चर्चा इकडं माझ्या ऑफिसातही झाली. घरात अंथरुणावर खिळलेला माणूस असेल तर किती पाणी लागतं, हे ज्यानं केलं त्यालाच ठाऊक. चादरी, लुंग्या, दिवसातून दोनदा अंग पुसणं. टँकर रात्री कधीही यायचा आणि आई एकटी किती ड्रम भरणार? ताई शाळेतून रजा काढून अहमदपूर, चाकूर करत एसटीनं यायची, चार दिवस राहायची आणि सासूच्या डोळ्याचं ऑपरेशन झालंय म्हणून परत धावायची. शेवटी तिनं नोकरी सोडली. खासगी शाळेतली नोकरी, पेन्शन नव्हतीच. होता तो तुटपुंजा पीएफ, तोही काढून घेतला.

परदेशातल्या एकटेपणावर आपल्याकडं पुष्कळ लिहिलं जातं आणि ते खोटं नाही. इथं रविवारी भिंतीला खिळा ठोकता येत नाही, रस्ते ओस पडलेले असतात. या श्वाबेन भागात इमारतीतल्या जिन्याची झाडलोट बिऱ्हाडांनी पाळीपाळीनं करायची प्रथा आहे; पाळी आली की दाराला पाटी लटकते आणि मी जिना पुसतो. हिवाळ्यात दुपारी चारनंतर अंधारतं. ज्वारीचं पीठ मिळतं, पण जुनं असतं, भाकरीला चिरा पडतात. कामावरून सहाला सुटलो की नांदेडला साडेनऊ, हिवाळ्यात साडेदहा वाजलेले असतात, म्हणजे घरी नीट बोलायला मिळतो तो शनिवार-रविवारच. हे सगळं खरं आहे. पण याच्या बदल्यात मला पगार मिळतो, बढती मिळते, पेन्शन साठत जाते, आणि गावाकडं गेलो की चारचौघांत मान मिळतो. ताईच्या वाट्याला यातलं काय येतं?

फोनवर ती म्हणायची, "तू कामून काळजी करायलास? अण्णा बरे हायत, जेवलेत." फोन ठेवल्यावर तिचं काम सुरूच असायचं. भरवणं, कूस बदलणं, फिजिओथेरपीवाल्याची वेळ सांभाळणं, नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्यासाठी बँकेत खेटे घालणं, गोळ्या संपत आल्या की आधीच आणून ठेवणं. शिवाय बाहेरगावच्या नातेवाइकांचे सल्ले ऐकणं. परदेशातून फोनवर डॉक्टरांशी इंग्रजीत बोलून उपचार बदलायला लावणारी मुलं मी पाहिली आहेत. रात्रभर उशाशी बसलेल्या बहिणीला मग त्यांच्या समोर तोंड उघडता येत नाही. माझं स्पष्ट मत आहे, जो तिथं आहे त्यानंच ठरवावं. आपण पैसे द्यावेत, विचारलं तर मत द्यावं आणि तिनं घेतलेल्या निर्णयामागं उभं राहावं.

अण्णा पहाटे गेले. दोन विमानं बदलून हैदराबादला आणि तिथून बीदर, उदगीर करत लातूरला पोहोचेपर्यंत मला दुसऱ्या दिवशीची रात्र झाली. मी फोनवरच सांगितलं होतं, माझ्यासाठी थांबू नका, ताईच अग्नी देईल. काही वडीलधाऱ्यांना ते पटलं नाही. पण ज्या हातांनी इतकी वर्षं त्यांना भरवलं, त्या हातांपेक्षा मोठा अधिकार कुणाचा होता?

यातलं सगळ्यात अवघड बोलणं मात्र अण्णा असतानाच होऊन गेलं होतं. ताईनं नोकरी सोडली त्या महिन्यात मी म्हणालो, तुझ्या पगाराएवढी रक्कम मी दर महिन्याला तुझ्या खात्यात टाकतो, घरखर्च आणि औषधांचे पैसे वेगळे. ती चिडली. "मला काय पगारी बाई समजलास का? माझेबी मायबाप हायत ते." दाजीही गप्प झाले. तेव्हा अण्णा बोलले. लकव्यानं जीभ जड झाली होती, शब्द तुटत होते, पण आयुष्यभर हिशेब लिहिलेला माणूस होता तो. म्हणाले, नोकरी हिची सुटली, पोराची नाही. मग नुकसान हिनं एकटीनं का सोसायचं? त्या दिवसापासून ते पैसे ताईचे आहेत. त्यातूनच तिनं स्वतःच्या नावानं एनपीएसचं खातं उघडलं. २००९ पासून ते सर्वसामान्य नागरिकालाही उघडता येतं. नोकरदारच असायला हवं असं नाही.

आई-वडिलांचं करणं हे कर्तव्य, त्याला पैसे कसले, असं म्हणणारे बरेच भेटतात. अशानं माया आटते, नातं व्यवहारी होतं, असंही म्हणतात. मी इथं सेवेचे पैसे घेणाऱ्या मुली पाहतो. आईचे केस विंचरताना त्यांची माया मला कुठं कमी दिसली नाही. कर्तव्य असेल तर ते सगळ्या भावंडांचं आहे, आणि जो हातांनी करू शकत नाही त्यानं आपला वाटा दुसऱ्या रूपात उचलायलाच हवा. औषधाला पाठवलेले पैसे म्हणजे तो वाटा होत नाही. ते पैसे अण्णांच्या गोळ्यांचे होते, ताईच्या वर्षांचे नव्हते.

आणि मग जमीन. सुट्टीवर आलेल्या मुलाच्या दोन-तीन आठवड्यांतला एक दिवस आपल्याकडं अनेक घरांत दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात जातो. वडील गेलेले असतात, बहिणीला बोलावलेलं असतं, हक्कसोडपत्र तयार असतं. साडी-चोळी होते, ती सही करते. माहेर तुटू नये म्हणून करते. महाराष्ट्रानं १९९४ मध्येच लग्न न झालेल्या मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतका हक्क दिला होता. २००५ मध्ये संसदेनं तो विवाहित-अविवाहित सगळ्याच मुलींना दिला. ११ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, हा हक्क जन्मानं मिळतो, २००५ साली वडील हयात होते की नव्हते यानं फरक पडत नाही. तरीही ज्या बहिणीनं आई-बापाचं सगळं केलं, तिच्याकडून विमानानं आलेला भाऊ सही घेऊन जातो. हे मला सहन होत नाही. आमच्या अण्णांनी मृत्युपत्र नोंदवून ठेवलं: शेत निम्मं निम्मं, लातूरचं घर ताईला. त्यावर मला काही जण म्हणाले, "तुझं कसं हुईल?" माझं इकडं सगळं नीट झालेलं आहे, हे त्यांनाही माहीत होतं.

हे फक्त माझ्यासारख्या इंजिनिअरांच्या घरचं नाही. हैदराबादच्या विमानतळावर मला दुबई, दोहा, रियाधहून उतरणारे देगलूर-बिलोलीकडचे ड्रायव्हर, मिस्त्री भेटतात. वर्षाला सुट्टी मिळेलच याची त्यांना खात्री नसते. मुलं, सासू-सासरे, शेत, कर्जाचे हप्ते, सगळं त्यांच्या बायका ओढतात. तिथं बहिणीच्या जागी सून असते, आणि नवरा हयात असताना सासऱ्याच्या मिळकतीत तिला स्वतःचा म्हणून वारसाहक्क नसतो.

आपल्याकडं २००७ चा ज्येष्ठ नागरिकांचा निर्वाह आणि कल्याण कायदा आहे आणि तो परदेशात राहणाऱ्या भारतीय नागरिकांनाही लागू होतो. उपविभागीय अधिकाऱ्याच्या न्यायाधिकरणात आई-वडील मुलांकडून दरमहा कमाल दहा हजारांपर्यंत निर्वाह मागू शकतात. कायदा चांगला आहे. पण प्रत्यक्ष सेवा करणाऱ्याला त्यातून स्वतःसाठी काही मागता येत नाही. केरळनं निदान एक पाऊल टाकलं आहे. तिथं आश्वासकिरणम योजनेत अंथरुणाला खिळलेल्यांची घरी देखभाल करणाऱ्याला महिना सहाशे रुपये देण्याची तरतूद आहे. रक्कम फारच कमी आहे, पण घरातली ही सेवा म्हणजे काम आहे, एवढं तरी सरकारी कागदावर मान्य झालं.

फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारनं बाडेन-वुर्टेमबर्गशी, म्हणजे मी राहतो त्याच राज्याशी, कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला. सुरुवातीचं उद्दिष्ट दहा हजार तरुणांचं सांगितलं गेलं. त्यासाठी जर्मन भाषेचे वर्ग ठरले. रुग्णसेवक, इलेक्ट्रिशियन, ड्रायव्हर अशी ती यादी आहे. इथल्या म्हाताऱ्यांना माणसं हवी आहेत आणि ती आपल्या जिल्ह्यांतून जातील. जरूर जावीत, मी त्यांच्या बाजूचा आहे. पण नांदेडची एखादी नर्स स्टुटगार्टच्या आजीला भरवायला येईल, तेव्हा तिच्या स्वतःच्या आईला नांदेडात कोण भरवणार, हा प्रश्न त्या वर्गात पहिल्याच दिवशी विचारला गेला पाहिजे, घरच्यांना समोर बसवून. कोण थांबणार, त्याला दरमहा काय मिळणार, निर्णय कुणाचा, मिळकतीचं काय, हे व्हिसाच्या कागदांसोबतच लिहून ठेवावं. पाठवण्यासाठी खर्च करणाऱ्या राज्यानं मागं थांबणाऱ्यांसाठीही पेन्शनचा एखादा हप्ता भरायला सुरुवात करावी, सहाशेनं केली तरी चालेल.

आई आता नांदेडला ताईकडंच असते. दिवाळीत आपल्याकडची पुष्कळ मुलं घरी येतील. ज्यांचे वडील गेले आहेत त्यांनी त्या सुट्टीत तलाठ्याकडं जाऊन वारसनोंदीचा अर्ज द्यावा, त्यात बहिणीचं नाव आपल्या नावाच्या बरोबरीनं लिहावं, आणि परतीच्या विमानात बसण्याआधी फेरफार मंजूर होऊन ते नाव सातबारावर चढेल याचा पाठपुरावा कुणाकडं सोपवला आहे, हे तिला सांगून निघावं.