जिवंत वियोगाची कहाणी

लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’ या ग्रंथाची थोरवी मराठी वाचकाने केव्हाच मान्य केली. परंतु ती मान्य करताना ग्रंथाचे वजन मात्र त्याने हलके करून घेतले, असे आमचे स्पष्ट मत आहे. पाठ्यपुस्तकांतून आपल्यापर्यंत पोचतात ते उतारे बहुधा विनोदी असतात. सोवळ्याच्या अतिरेकाने घरादाराला वेठीस धरणारे वडील, घरात उद्याची भ्रांत असताना असेल ते दुसऱ्याला देऊन मोकळे होणारे टिळक. वाचक हसतो आणि पुस्तक मिटतो. वस्तुतः ही एका स्त्रीने जिवंत पती गमावल्याची कहाणी आहे.

१८६८ साली नाशिकनजीक जलालपूरला गोखल्यांच्या घरी त्यांचा जन्म झाला. अकराव्या वर्षी लग्न; शाळेचे तोंड त्यांनी पाहिले नाही. पती नारायण वामन टिळक मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावचे, प्रतिभावान कवी, पण पाय घरात ठरत नसे. न सांगता निघून जाणे हा त्यांचा शिरस्ताच होता. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि या खेपेचे जाणे निराळे ठरले. विधवेला समाजात एक ठरलेली जागा होती, मग ती कितीही क्रूर का असेना. लक्ष्मीबाईंना तीही उरली नाही. पती हयात, पदरी लहान मुलगा, आणि पतीच्या घरचे पाणी पिणे म्हणजे सारे गणगोत तोडणे! पुढे त्या अहमदनगरला गेल्या तेव्हाही त्यांनी वेगळी चूल मांडली. स्वतः ख्रिस्ती झाल्या त्या १९०० साली, मनातला जातिभेद आपल्या अनुभवाने गळून पडल्यावर.

मिशनऱ्यांनी या ग्रंथात साक्ष शोधली, आमच्यातील काहींनी गाऱ्हाणे शोधले. लक्ष्मीबाईंनी दोघांचीही सोय पाहिलेली नाही. टिळकांचा तापटपणा, त्यांचा अविचार त्या झाकत नाहीत आणि त्यांच्यावरचे प्रेमही लपवीत नाहीत. राग आणि माया एकाच वाक्यात नांदतात, हे सहजीवन केलेल्या कोणालाही पटावे.

गोमंतकीय वाचकाला तर हे अधिकच जवळचे वाटावे. सोळाव्या शतकात कुंकळ्ळीची श्रीशांतादुर्गा फातर्प्याला गेली आणि एकाच गावची माणसे दोन धर्मांत वाटली गेली. त्या इतिहासात देवळे आणि फर्माने यांची नोंद आहे. घरात मागे राहिलेल्या बायकांना काय वाटले, हे कोणी लिहून ठेवले नाही. रात्री कोणाची वाट पाहिली गेली, कोणाचे ताट वाढायचे थांबले, याची कल्पना करायची तर मराठीत हाती हाच एक ग्रंथ येतो. तेथील सक्ती येथे नव्हती, हा भेद अर्थातच ध्यानात ठेवला पाहिजे.

१९१९ साली टिळक वारले. त्यांचे ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य अपुरे होते. ज्या नवऱ्याने कधीकाळी त्यांना अक्षरओळख करून दिली, त्याचे ते काव्य पुढे नेण्याचे काम लक्ष्मीबाईंनी अंगावर घेतले, आणि त्यातले बहुतेक अध्याय त्यांच्याच हातचे आहेत. ‘स्मृतिचित्रां’चा पहिला भाग १९३४ साली निघाला, १९३६ साली त्या गेल्या तेव्हा आठवणी पुऱ्या झाल्या नव्हत्या. शेवटचा भाग सिद्ध केला तो त्यांच्या मुलाने, देवदत्त टिळकांनी.