ओरबाडणारा शब्द

हल्ली सुशिक्षितांच्या बोलण्यात ‘सार्कॅझम’ हा शब्द फार ऐकू येतो. कोणाला लागेलसे बोलावे, आणि त्याचा चेहरा उतरला की ‘अहो, तो सार्कॅझम होता, तुम्हांला कळला नाही’ म्हणून मोकळे व्हावे! म्हणजे घाव घालणारा बुद्धिमान आणि सोसणारा मठ्ठ. वर हेही सांगतात, की मराठीत याला शब्दच नाही.

या पाहुण्याचे कूळ पाहावे. ग्रीक भाषेत ‘सार्क्स’ म्हणजे मांस. त्यावरून आलेल्या क्रियापदाचा अर्थ कुत्र्यासारखे मांस ओरबाडणे. पुढे तो दातओठ खाणे आणि झोंबेलसे बोलणे असा झाला. लॅटिनमार्गे सोळाव्या शतकात तो इंग्रजीत शिरला.

आणि मराठी काय दरिद्री आहे? थट्टेत दोघेही हसतात, टवाळीत एकच हसतो, कुचेष्टेत हसणाऱ्याचे मनच नासलेले असते. ‘उपरोध’ या संस्कृत शब्दाचा मूळ अर्थ अडवणूक. खरा उपरोध माणसाची चुकीची वाट अडवतो, त्याचे मांस तोडत नाही.

हा शब्दांचा कीस नव्हे. वाशीमकडचा मुलगा शहरातल्या वर्गात ‘माह्या डोया दुखून राह्यला’ म्हणतो, वर्ग फिदीफिदी हसतो, आणि गुरुजीही त्याची नक्कल करतात. त्या पोराचे तोंड पुढे वर्षभर उघडत नाही. याला सार्कॅझम म्हटले की दोष झाकतो. कुचेष्टा म्हटले की उघडा पडतो.

ज्या मातीच्या बोलीला हसता, तिचे घराणेही ऐका. वाशीम म्हणजे वाकाटकांचे वत्सगुल्म. राजशेखराने ‘काव्यमीमांसे’त काव्यपुरुषाचा साहित्यविद्येशी विवाह याच नगरात लावला. म्हाइंभटांचे ‘लीळाचरित्र’ तेराव्या शतकात वऱ्हाडातल्याच ऋद्धिपुरात सिद्ध झाले.

कोणी म्हणेल, मास्तरांना विनोदाचे वावडे दिसते. मुळीच नाही! श्रीपाद कृष्ण कोल्हटकर वऱ्हाडातच वकिली करीत. ‘सुदाम्याच्या पोह्यां’त त्यांनी रूढींचे वाभाडे काढले, पण त्या हास्यात बंडूनाना, पांडूतात्यांबरोबर खुद्द सुदामाही सापडतो. नेम बलवान रूढीवर होता, बावरलेल्या पोरावर नव्हता.

इंग्रजी शब्द ज्यांना हवाच, त्यांनी तो अवश्य वापरावा, मात्र अर्थासकट. ‘मी सार्कॅझम केला’ याऐवजी ‘मी एका पोराचे मांस तोडले’ असे म्हणून पाहावे. जीभ रेटली, तर खुशाल म्हणावे.