शांतता एकट्याने साधत नाही

'डोकं शांत ठेवणं ही ज्याची त्याची जबाबदारी', हे हल्ली कंपन्यांच्या शिबिरांत, शाळेच्या पालकसभेत आणि घरच्या भांडणातही सर्रास ऐकू येतं. पूर्वपक्ष असा, की मज्जासंस्था ज्याच्या त्याच्या शरीरात असते, तेव्हा तिला ताळ्यावर आणण्याचं कामही त्याचंच. आधी दीर्घ श्वास घ्या, शांत व्हा, मग चारचौघांत या. एकेक माणूस स्थिर झाला की गट आपोआप नीट चालेल.

यात खरं आहे ते मान्यच. श्वास सोडताना व्हेगस या मज्जातंतूचा हृदयावरचा लगाम घट्ट होतो, ठोके किंचित मंदावतात. श्वास घेताना तो सैल पडतो. म्हणून प्राणायामाचा गुण येतो. माझा आक्षेप आहे तो 'आधी' आणि 'मग' या क्रमाला.

हा क्रम कुठे तपासून पाहिला गेला असेल, तर नवजात बाळांच्या कक्षात. कमी वजनाचं बाळ आधी यंत्रांच्या देखरेखीखाली स्थिर होऊ द्यायचं आणि मग आईकडे द्यायचं, अशी रीत होती. कोलंबियातल्या बोगोटा शहरात डॉ. एदगार रेय यांनी 1978 मध्ये अशी बाळं आईच्या छातीशी, त्वचेला त्वचा लावून बांधायला सुरुवात केली. तरीही स्थिर होण्याची अट बरीच वर्षं टिकली. मग जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह पाच देशांत चाचणी घेतली. 2021 मध्ये निकाल आला: स्थिर होण्याची वाट न पाहता लगेच उराशी धरलेल्या बाळांत मृत्यूचं प्रमाण 12 टक्के, आणि रीतीप्रमाणे वाट पाहिलेल्यांत 15.7 टक्के. बाळ स्थिर झालं ते दुसऱ्या शरीराच्या आधारानेच. हा आधार मिळण्यासाठी त्याने आधी स्थिर व्हावं, ही अटच मुळात उलटी होती.

'ते बाळ झालं, आपण मोठी माणसं', असं कुणी म्हणेल. अमेरिकेतल्या जेम्स कोन यांनी 2006 मध्ये 16 विवाहित स्त्रियांना विजेचा सौम्य झटका बसण्याची धास्ती दिली आणि त्यांच्या मेंदूचं चित्रण केलं. नवऱ्याचा हात हातात असताना मेंदूतली धोक्याची धावपळ कमी झाली, आणि संसार जितका सुखाचा तितकी ती जास्त ओसरली. अनोळखी माणसाच्या हातानेही थोडा फरक पडला.

समूहातही हेच घडतं. स्वीडनमधल्या गोथेनबर्गच्या संशोधकांनी 2013 मध्ये दाखवलं, की एकत्र गाणाऱ्यांच्या हृदयाची गती बरोबरीने चढते-उतरते; कारण गाण्याच्या ओळीत सगळ्यांचा श्वास एकदमच सुटतो. दिंडीत अभंग म्हणत मैलोगणती चाललेल्यांना हे वेगळं सांगायला नको.

इथे सगळ्यांत वजनदार आक्षेप येतो: लय तर दंगलखोर जमावालाही असते. खरं आहे. शरीरं जुळली म्हणजे विवेक आला असं नाही. पण म्हणूनच माउलींच्या पालखीतली समाजआरती नीट पाहावी. तळावर दिंड्या उभ्या राहतात, टाळ-मृदंगाचा गजर चाललेला असतो. चोपदार दंड उंचावतात आणि टाळ थांबतात. मात्र ज्या दिंडीचं गाऱ्हाणं असेल, ती टाळ वाजवतच राहते. चोपदार तिच्याकडे जातात, ऐकून घेतात, तोडगा काढतात आणि मगच आरती होते. एवढ्या मोठ्या समुदायात बिनसलेल्याला आवाज करायची रीतसर मुभा आहे. 'तुम्ही आधी शांत व्हा, मग बोलू' असं त्याला कुणी म्हणत नाही. जमावात अशी जागा नसते. तिथे कचरणाऱ्यालाच आधी गप्प केलं जातं.

आपल्या कामाच्या ठिकाणीही ही जागा नाही. ज्या रुग्णालयात परिचारिकेला सलग रात्रपाळ्या लागतात, जिथे चुकलेलं सांगितलं की चारचौघांत अपमान होतो, तिथे तिचं हृदय धडधडतं ते परिस्थितीचा अचूक अंदाज घेऊनच. तिला ध्यानाच्या वर्गाला पाठवणं म्हणजे आजार तिच्या माथी मारणं. पाळ्यांचं वेळापत्रक बदला, पाळी संपताना वरिष्ठांनी दहा मिनिटं बसून तिचं ऐकावं, आणि तिने सांगितलेली अडचण दुसऱ्या दिवशी दूर झालेली दिसावी.